नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्सटन: खुल्या शेतांच्या गावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅक्सटन हे गाव कोठे आहे आणि त्याची एवढी चर्चा का होते?

लॅक्सटन हे इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातील काही शे वस्तीचे शेतकरी गाव आहे. नेवार्क, ऑलर्टन आणि टक्सफर्ड ही त्याच्या जवळची मोठी गावे असून शेरवुडचे प्रसिद्ध जंगल पश्चिमेला थोड्याच अंतरावर आहे. एके काळी मध्य इंग्लंडमधील बहुसंख्य गावांमध्ये जमीन कसण्याची जी सामाईक पद्धत होती, ती या गावात मध्ययुगापासून आजतागायत खंड न पडता चालू आहे, आणि तिचा कारभार पाहणारे गावचे न्यायालयही दरवर्षी भरते. पद्धत आणि तिचे न्यायालय दोन्ही एकत्र टिकून राहिल्याचे इंग्लंडमध्ये दुसरे उदाहरण नाही.

गावात गेल्यावर विशेष असे काहीच दिसत नाही, अशी तक्रार अनेक जण करतात. ती खरी आहे का?

बऱ्याच अंशी खरी आहे. येथे राजवाडा नाही, तटबंदी नाही, आणि इंग्रजी खेड्याच्या चित्रांत हमखास दिसणारी गवती छपरांची घरेही नाहीत. विटांची, कौलारू छपरांची घरे, एक चर्च, एक पब आणि गावाबाहेर दूरवर पसरलेली शेते एवढेच प्रथम नजरेस पडते. इंग्लंडचा ग्रामीण भाग ज्याने पाहिला आहे त्याला मात्र एक गोष्ट थोड्या वेळाने जाणवते, ती म्हणजे या शेतांमध्ये कुंपणे नाहीत. एरवी तेथील शिवार हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांच्या कुंपणांनी चौकोनाचौकोनांत विभागलेले असते; लॅक्सटनमध्ये मात्र अनेक शेतकऱ्यांची जमीन एकाच मोकळ्या विस्तारात, कोणत्याही आडोशाशिवाय, शेजारी शेजारी पडलेली आहे. या गावाचा वारसा वास्तूंपेक्षा शेजाऱ्याशेजाऱ्यांमधील व्यवस्थेत आहे, आणि व्यवस्था समजून घेतल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही. पुढील बहुतेक उत्तरे त्यामुळेच त्या व्यवस्थेविषयी आहेत.

खुल्या शेतांची पद्धत म्हणजे नेमके काय?

गावाची लागवडीखालील जमीन दोन, तीन किंवा चार विशाल शेतांत विभागलेली असे. लॅक्सटनमध्ये आज अशी तीन शेते आहेत: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. ईस्ट फील्ड नावाचे चौथे शेतही पूर्वी होते, परंतु ते आता खुले राहिलेले नाही. येथे ‘शेत’ हा शब्द मराठी वाचकाने आपल्या नेहमीच्या अर्थाने घेऊ नये. यातील प्रत्येक शेत म्हणजे जवळजवळ शिवाराचा एक मोठा हिस्साच होय. या विस्तीर्ण शेताचे गट पाडलेले असत आणि प्रत्येक गटात समांतर जाणारे लांब, अरुंद पट्टे असत. एका कुटुंबाकडे असे अनेक पट्टे असत, पण ते एका जागी नसून तिन्ही शेतांत विखुरलेले असत. जमीन ज्याची त्याने कसायची, उत्पन्न ज्याचे त्याने घ्यायचे. मात्र कोणत्या शेतात त्या वर्षी काय पेरायचे, जनावरे केव्हा सोडायची आणि केव्हा आवरायची, हे साऱ्या गावाने मिळून ठरवायचे, असा हा बंदोबस्त होता. सामुदायिक शेती असा त्याचा अर्थ अनेकदा लावला जातो, तो चुकीचा आहे. येथे मालकी किंवा कूळपण वैयक्तिक होते, शिस्त तेवढी सामाईक होती.

एकाच शेतकऱ्याची जमीन अशी विखुरलेली का ठेवली जात असे?

याची एकच सर्वमान्य कारणमीमांसा नाही. इतिहासकारांनी या प्रश्नावर दीर्घ काळ वाद घातला आहे. चांगली, हलकी, पाणथळ आणि उतारावरची अशा सर्व प्रकारच्या जमिनीत प्रत्येकाला वाटा मिळावा आणि एका भागातील पीक बुडाले तरी दुसऱ्या भागातील हाती लागावे, हे एक कारण सांगितले जाते. नांगराचे बैल अनेकांनी मिळून जुंपावे लागत आणि नांगरट ज्या क्रमाने होई त्या क्रमाने पट्टे वाटले जात, हे दुसरे. पिढ्यान्‌पिढ्या होत गेलेल्या वाटण्यांचाही यात भाग असणारच. लॅक्सटनची माती तांबूस आणि चिकण आहे. पावसात ती जड होते आणि उन्हात दगडासारखी कडक बनते. अशा जमिनीत एकट्यादुकट्याच्या औताचे फारसे काही चालत नसे, हे लक्षात घेतले की एकत्र नांगरटीचा मुद्दा अधिक पटतो.

पट्ट्यांचा आकारही नांगरानेच ठरवला. बैलांची लांबलचक रांग एका दमात जेवढे लांब तास, म्हणजे नांगराची सरी, ओढू शकेल तेवढी पट्ट्याची लांबी, आणि त्या लांबीलाच फर्लांग हे नाव मिळाले. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ ‘तासाची लांबी’ असाच आहे. पुढे फर्लांग २२० यार्ड, म्हणजे सुमारे २०१ मीटर, असा ठरला. एक फर्लांग लांब आणि २२ यार्ड रुंद जमीन म्हणजे एक एकर. ब्रिटिशांच्या जमीन मोजणीबरोबर हाच एकर महाराष्ट्रात येऊन ४० गुंठ्यांच्या हिशेबात बसला, तेव्हा आपल्याकडील जमिनीच्या व्यवहारांतही इंग्लंडच्या बैलांचे एक तास कोठेतरी दडलेले आहे. जुने पट्टे सरळ नसून उलट्या एस अक्षरासारखे किंचित वळलेले असत, कारण बैलांची लांब रांग पट्ट्याच्या टोकाला वळवायची तर बरीच आधीपासून कलती घ्यावी लागे.

पिकांचा फेरपालट कसा चालतो?

फेरपालट तीन वर्षांचा आहे. एका शेतात शरद ऋतूत पेरलेला हिवाळी गहू असतो, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, आणि तिसरे शेत पड असते. पुढील वर्षी हा क्रम एक घर सरकतो. पूर्वी पड जमिनीवर आणि कापणीनंतरच्या धसकटांवर गावाची जनावरे एकत्र चरत, त्यांचे शेण-लेंडी जमिनीतच पडे, आणि वारंवारच्या नांगरटीने तणाचाही बंदोबस्त होई. आज पडीच्या वर्षी वैरणीचे पीक घेण्याची मुभा आहे आणि सामाईक चराई जवळजवळ उरलेली नाही. तीन शेतांचा क्रम मात्र सर्वांना बंधनकारक आहे. शेजारच्या पट्ट्यात गहू असताना एखाद्याला आपल्या पट्ट्यात मनास येईल ते पीक घेता येत नाही.

‘साइक’ हा शब्द लॅक्सटनसंबंधी वारंवार येतो. तो कशासाठी वापरतात?

शेतांमधून ओहोळांच्या कडेने किंवा नांगर फिरू शकत नाही अशा खोलगट, ओलसर जागी ज्या गवताच्या पट्ट्या राखलेल्या आहेत, त्यांना साइक म्हणतात. त्या कोणा एकाच्या नाहीत. त्यांच्यावर गावचा हक्क आहे. दर उन्हाळ्यात त्यांवरील उभ्या गवताचा लिलाव होतो आणि घेणारा ते कापून वैरण करतो. शतकानुशतके नांगर न लागल्यामुळे आणि केवळ कापणी व चराई झाल्यामुळे या पट्ट्यांत रानफुलांची जी विविधता टिकली ती आसपासच्या शेतीप्रदेशात दुर्मीळ झाली आहे, आणि त्यासाठी साइकांना शास्त्रीय महत्त्वाचे क्षेत्र म्हणून कायदेशीर संरक्षण मिळालेले आहे. फुले जपण्याच्या हेतूने कोणी हे गवत राखले नव्हते. वैरणीची गरज आणि शेजाऱ्यांची एकमेकांवरील नजर, एवढ्यावरच ते राहिले.

कोर्ट लीट म्हणजे काय आणि त्याला खरोखर अधिकार आहेत का?

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये प्रत्येक मॅनरचे, म्हणजे जमीनदाराच्या अमलाखालील गावाचे, स्वतःचे न्यायालय असे. किरकोळ गुन्हे, वजनमापांतील लबाडी, वाटेवरचे अडथळे, मोकाट जनावरे अशा बाबी निकाली काढणाऱ्या या न्यायालयाला कोर्ट लीट म्हणत. काळाच्या ओघात ही न्यायालये एक तर बंद पडली किंवा केवळ समारंभापुरती उरली. १९७७ च्या न्यायप्रशासन कायद्याने त्यांचे उरलेसुरले न्यायाधिकारही काढून घेतले. लॅक्सटनच्या कोर्ट लीटला मात्र त्यातून अपवाद करण्यात आला, कारण तेथे हे न्यायालय प्रत्यक्ष शेतीचा कारभार चालवत होते आणि आजही चालवते.

त्याचे काम दोन टप्प्यांत होते. नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीस, हिवाळी गव्हाची पेरणी आटोपल्यावर, गावकऱ्यांमधूनच नेमलेली ज्युरी त्या वर्षीच्या गव्हाच्या शेतात जाते. बारा जण आणि त्यांचा एक प्रमुख असे हे मंडळ चिखल तुडवत पट्ट्यापट्ट्याची हद्द तपासते. कोणी साइकमध्ये नांगर घुसवला आहे का, रस्त्याची कड खाल्ली आहे का, शेजाऱ्याच्या बाजूला एखादे तास जास्त मारले आहे का, हे पाहिले जाते आणि आवश्यक तेथे हद्दीच्या खुंट्या ठोकल्या जातात. मराठी वाचकाला यासाठी वेगळे स्पष्टीकरण नको. बांध कोरणे हा प्रकार कोणत्याही गावात दर पेरणीला थोडा थोडा कसा पुढे सरकतो, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. फरक इतकाच की लॅक्सटनमध्ये कोरलेला बांध, त्या शेतात गव्हाची पाळी आली की, म्हणजे तीन वर्षांच्या आत, तोही स्वतः शेती करणाऱ्या तेरा जणांच्या नजरेखालून जातो. तपासणीच्या दिवशी ज्युरीचे जेवण पबमध्ये होते, हाही परंपरेचाच भाग आहे आणि बहुधा सर्वांत काटेकोरपणे पाळला जाणारा.

त्यानंतर सुमारे आठवड्याने डव्हकोट इन या गावातल्याच पबमध्ये न्यायालय भरते. जमीनदाराच्या वतीने त्याचा कारभारी अध्यक्षस्थानी असतो. ज्युरी आपल्याला आढळलेले दोष मांडते, ज्यांनी मर्यादा ओलांडली त्यांना दंड होतो, आणि पुढील वर्षी ज्या शेतात गहू येणार त्यासाठी नव्या ज्युरीला शपथ दिली जाते. दंडाची रक्कम आजच्या मानाने किरकोळच असते. तरीही रोज ज्यांची तोंडे पाहायची त्या सर्व शेजाऱ्यांसमोर आपले नाव वाचले जाणे ही शिक्षा दंडाहून भारी पडत असावी, असे वाटते.

इंग्लंडमधील इतर गावांतून ही पद्धत नाहीशी का झाली?

आवेष्टनामुळे, म्हणजे विखुरलेले पट्टे आणि सामाईक गायराने मोडून त्यांची सलग, कुंपण घातलेली, एकाच्या ताब्यातील शेते करण्याच्या प्रक्रियेमुळे. काही ठिकाणी हे आपापसांतील करारांनी झाले. पुढे त्यासाठी संसदेचे कायदे होऊ लागले. १६०४ ते १९१४ या काळात अशी ५,२०० हून अधिक विधेयके संमत झाली आणि ६८ लाख एकर जमीन त्यांखाली आली. सलग जमिनीवर नवे फेरपालट, बी-बियाणे आणि जनावरांची निवडक पैदास सोपी होते, खंडही वाढवता येतो, हा जमीनदारांचा युक्तिवाद होता आणि तो निराधार नव्हता. परंतु ज्याच्याकडे जमीन नव्हती, केवळ गायरानावर एखादी गाय चारण्याचा किंवा सरपण गोळा करण्याचा वहिवाटीचा हक्क होता, त्याच्या हाती या व्यवहारात बहुधा काहीच आले नाही. कुंपणांनी आखलेला इंग्लंडचा जो रमणीय देखावा आज चित्रांत दिसतो, त्यातील बराचसा या उलथापालथीतून घडलेला आहे.

मग लॅक्सटन कसे वाचले?

कोणी वाचवण्याचा निर्धार केला म्हणून नव्हे. येथील जमीन दीर्घ काळ दोन मोठ्या घराण्यांत आणि अनेक लहान मालकांत विभागलेली होती, आणि आवेष्टनासाठी त्यांचे एकमत होणे आवश्यक होते. ते झाले नाही. काही भाग वेळोवेळी कुंपणात गेला, पण मधली तीन शेते उरली. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात धान्याचे भाव पडले आणि कुंपणे, गटारे, नवी घरे यांवर पैसा ओतण्याचा उत्साहही ओसरला. २०व्या शतकाच्या सुरुवातीस येथील मोठे जमीनदार अर्ल मॅनव्हर्स यांच्या जमीनदारीने पट्ट्यांची अदलाबदल करून ते बरेच मोठे केले, पण पद्धत मोडली नाही. त्यामुळे १७व्या शतकातील दोन हजारांहून अधिक अरुंद पट्ट्यांऐवजी आज कमी संख्येचे आणि रुंद पट्टे दिसतात. यंत्राने कसता येतील इतके ते मोठे झाले म्हणूनच पद्धत पुढे चालू शकली, हे शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

१६३५ च्या नकाशाला इतके महत्त्व का दिले जाते?

मार्क पियर्स या भूमापकाने १६३५ साली लॅक्सटनचा अत्यंत तपशीलवार नकाशा तयार केला. गावातील प्रत्येक घर, परसू, कुरण आणि प्रत्येक पट्टा त्यात आखलेला आहे, आणि सोबतच्या जमीन नोंदवहीत कोणता पट्टा कोणाकडे आहे हे लिहिलेले आहे. सातबारा आणि गावनकाशा एकत्र वाचायची सवय असलेल्या वाचकाला या जोडीची उपयुक्तता लगेच कळेल. त्याखेरीज नकाशाच्या मोकळ्या जागांत नांगर धरलेले गडी, कापणी करणारी माणसे आणि शिकारीची दृश्ये इवल्या आकारात रंगवलेली आहेत. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

हा नकाशा ज्याने करवून घेतला तो सर विल्यम कोर्टन हा लंडनचा धनाढ्य व्यापारी होता. लॅक्सटन त्याने विकत घेतले होते आणि आपण काय घेतले आहे याचा त्याला चोख हिशेब हवा होता. येथे आपल्या किनाऱ्याशी एक खरा धागा जुळतो. त्याच वर्षाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला डावलून पूर्वेकडे व्यापार करण्याचा परवाना पहिल्या चार्ल्स राजाकडून कोर्टनच्या मंडळीने मिळवला. जॉन वेडेल यांच्या नेतृत्वाखालील त्यांचा जहाजांचा तांडा १६३६ साली गोव्याला आला आणि तेथून पुढे चीनकडे गेला. कारवारची वखारही याच मंडळीने १६३८ मध्ये उघडली. कोर्टन स्वतः मात्र १६३६ मध्येच वारला. पूर्वेच्या या धाडसात त्याच्या वारसांचे दिवाळे निघाले, आणि जमीनजुमलाही घराण्याच्या हातून गेला.

आज जमिनीचा मालक कोण आहे?

१९५२ साली अर्ल मॅनव्हर्स यांनी ही मालमत्ता कृषी मंत्रालयाला विकली. खुल्या शेतांची पद्धत पुढे चालू राहावी हा त्यामागील हेतू होता. १९८१ मध्ये ती ब्रिटिश राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेट या संस्थेकडे गेली आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटने विकत घेतली. थोर्सबी ही मॅनव्हर्स घराण्याचीच जुनी मालमत्ता असल्यामुळे, सुमारे सात दशकांच्या सरकारी मालकीनंतर गाव फिरून जुन्याच जमीनदारीत आले आहे. बहुतेक शेतकरी कुळे आहेत. खुल्या शेतांतील पट्ट्यांबरोबरच त्यांच्याकडे कुंपणातील जमीनही असते, कारण केवळ पट्ट्यांवर आज कोणाचे घर चालणे कठीण आहे.

हे शेतकरी खरोखर शेती करतात की पाहुण्यांसाठी देखावा मांडतात?

ते खरोखर शेती करतात. ट्रॅक्टर, कापणीयंत्रे आणि आधुनिक बियाणे वापरली जातात. बैल किंवा जुन्या वेशातील गडी पाहायला मिळतील या अपेक्षेने येणाऱ्यांची निराशा होईल. विखुरलेल्या पट्ट्यांमुळे यंत्रांच्या फेऱ्या वाढतात आणि फेरपालटाच्या बंधनामुळे बाजारभाव पाहून पीक बदलता येत नाही. परंपरेची ही किंमत दरवर्षी हिशेबाच्या वहीत दिसते, आणि ती कोण किती काळ सोसणार हा गावापुढील खरा प्रश्न आहे.

गावातील घरांच्या रचनेत काय पाहण्यासारखे आहे?

आवेष्टन झालेल्या गावांत शेतकरी आपल्या सलग जमिनीच्या मध्ये घर बांधून गावाबाहेर पडले. लॅक्सटनमध्ये जमीनच विखुरलेली असल्यामुळे बाहेर पडण्याचे कारण नव्हते, म्हणून शेतकऱ्यांची घरे, खळी आणि गोठे आजही मुख्य रस्त्याच्या दुतर्फा आहेत. अनेक घरांची आखूड बाजू रस्त्याकडे असून मागे लांबच लांब परसू आहे. मोकाट किंवा भलत्या शेतात शिरलेली जनावरे अडकवण्याचा कोंडवाडाही येथे आहे. पूर्वी त्यावर नेमलेला रखवालदार दंड भरल्यावरच जनावर सोडत असे.

किल्ला आणि चर्चविषयी काय सांगता येईल?

गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातील किल्ल्याची मातीची उंच टेकडी आणि तिच्या पायथ्याची आवारे शिल्लक आहेत. दगडी बांधकाम उरलेले नाही. तरीही या प्रकारचा परगण्यातील सर्वांत चांगला अवशेष हाच मानला जातो. येथील द कॉ आणि त्यांच्यानंतरचे एव्हरिंगहॅम हे घराणे शेरवुड जंगलाचे वंशपरंपरागत रक्षक होते, त्यामुळे एके काळी जंगलाचा कारभार येथूनच चाले. रॉबिन हूडच्या गोष्टींत ज्या वनकायद्यांचा जाच दिसतो, ते कायदे राबवणारी माणसे अशाच ठिकाणी राहत. सेंट मायकेल चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्यातील व्यक्तींच्या शयनमूर्ती, म्हणजे थडग्यांवरील निजलेल्या मूर्ती, आहेत. त्यांतील एका स्त्रीची मूर्ती लाकडाची आहे, आणि लाकडी शयनमूर्ती दुर्मीळ असल्याने ती आवर्जून पाहावी.

गावाला भेट देण्यासाठी कोणता काळ योग्य आहे आणि काय लक्षात ठेवावे?

जूनमध्ये साइकांवर फुले असतात आणि गवत अजून कापलेले नसते. पट्ट्यांची आखणी कळण्यासाठी मात्र उशिराचा शरद किंवा वसंताचा आरंभ बरा, कारण तेव्हा नांगरलेल्या, पेरलेल्या आणि पड जमिनींचे रंग वेगवेगळे दिसतात. रेल्वेने नेवार्क किंवा रेटफर्डपर्यंत येता येते. रस्त्याने ए-१ महामार्गावरील टक्सफर्डहून गाव जवळ आहे. डव्हकोट इनजवळील छोट्या प्रदर्शनात शेतपद्धतीची माहिती मांडलेली आहे आणि ते पाहून शेतांकडे गेल्यास गोंधळ कमी होतो. पायवाटा सर्वांसाठी खुल्या आहेत, पण त्यांच्या दोन्ही बाजूंना उभे पीक असते, तेव्हा वाट सोडू नये. पावसानंतर येथील चिकणमाती बुटाला किलोकिलोने चिकटते. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट सोबत असू द्यावेत.